घरच्या बागेतला आर्टिचोक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्टिचोक म्हणजे नक्की काय? कोबी, फळ की कंद?

यातलं काहीच नाही. ते न उमललेलं फूल आहे. करडईचं बोंड डोळ्यांसमोर आणा, ते मुठीएवढं मोठं करा आणि त्याचे काटे बोथट करा. आर्टिचोक साधारण तसा दिसतो. कूळही तेच. सूर्यफूल, झेंडू, शेवंती हे त्याचे लांबचे नातेवाईक, तर करडई आणि माळावरचा उंटकटारा हे जवळचे भाऊबंद. बोंडावर खवल्यांसारख्या जाड पाकळ्या एकावर एक बसलेल्या असतात. (वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने त्या पाकळ्या नव्हेत, पण स्वयंपाकघरात तेवढं काटेकोर व्हायची गरज नाही.) खायचा तो या पाकळ्यांच्या बुडाचा गर आणि सगळ्यांत खालचा बशीसारखा गाभा. गाभ्यावर केसाळ कुसळांचा झुबका असतो, तो काढून टाकायचा. बोंड झाडावरच राहिलं तर याच झुबक्यातून निळ्या-जांभळ्या फुलाचा तुरा वर येतो.

पीक मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. इटली, स्पेन, इजिप्त इथे ते मोठ्या प्रमाणावर होतं. अमेरिकेत जवळजवळ सगळं व्यापारी उत्पादन कॅलिफोर्नियात, आणि त्यातही कॅस्ट्रोव्हिलच्या आसपासच्या किनारपट्टीचं नाव मोठं. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यामुळे तिथे उन्हाळ्यातही हवा गार असते. या झाडाला काय हवं ते एवढ्यावरून कळतं: थंडी हवी, पण गोठवणारी नको, ऊन हवं, पण भाजणारं नको.

नर्सरीत 'हाथीचक' म्हणून कंद मिळाले. तेच का हे?

नाही. ते बहुधा जेरुसलेम आर्टिचोकचे कंद असतील. ते सूर्यफुलाच्या जातीचं वेगळं झाड आहे. त्याचे आल्यासारखे दिसणारे कंद जमिनीखाली येतात आणि तेच खातात. उत्तर भारतात हाथीचक हा शब्द दोन्हींसाठी चालतो, म्हणून घोळ होतो. आपल्याला हव्या असलेल्या आर्टिचोकचं बी मिळतं किंवा रोप. ऑनलाइन मागवताना पाकिटावर 'ग्लोब आर्टिचोक' आणि वाणाचं नाव, दोन्ही आहेत ना ते पाहा.

परदेशातून येताना बियांचं पाकीट बॅगेत टाकून आणणं नियमात बसत नाही. बियाणं आणायला आयात परवाना आणि तिकडच्या खात्याचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं.

महाराष्ट्रात आर्टिचोक येतो का? खरं सांगा.

झाड सगळीकडे येतं, बोंड सगळीकडे येत नाही. मुंबई, कोकण, गोवा इथे लावलात तर चंदेरी-हिरव्या, कातरलेल्या पानांचं चार फुटी झाड होईल, शोभेचं म्हणून छानही दिसेल, पण मधून दांडा वर येणार नाही.

कारण असं. या झाडाला फुलावर यायचा इशारा थंडीतून मिळतो. सुधारित वाणांना १० अंश सेल्सिअसखालची थंडी निदान २०० ते २५० तास मिळावी लागते, जुन्या वाणांना ५०० तासांपर्यंत. हे तास सलग नकोत, साठत जातात. आता हिशेब करा: पुण्यात थंडीच्या रात्री पारा १० च्या खाली गेलाच तर पहाटेचे तीन-चार तास. अशा चाळीस रात्री मिळाल्या तरी १२० ते १६० तासच भरतात. शिवाय दुपारी ३० च्या वर तापलं तर साठलेल्या थंडीचा काही भाग पुसला जातो. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो, तिथे आणि नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात हिशेब बराच बरा जमतो. महाबळेश्वर-पाचगणीला उन्हाळा सौम्य असतो ही जमेची बाजू, पण तिथला पाऊस या झाडाचा वैरी.

म्हणजे आपल्याकडे आर्टिचोक हे रब्बीतलं एका हंगामाचं पीक धरायचं आणि कमी पडणारी थंडी तीन वाटांनी भरून काढायची: कमी थंडी मागणारा वाण निवडायचा, बी फ्रीजमध्ये ठेवायचं आणि गरज पडली तर जीए हे झाडाच्या वाढीचं संप्रेरक फवारायचं. 'चार-पाच वर्षं टिकणारं झाड' हे वर्णन परदेशी पाकिटावरचं आहे, आपल्या पावसाळ्याला ते लागू नाही.

कोणता वाण घ्यावा?

इंपीरियल स्टार. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तो बियांपासून त्याच वर्षी बोंडं घेण्यासाठी तयार केला. काटे जवळजवळ नसतात, थंडी कमी लागते आणि पुनर्लागणीनंतर साधारण ९० दिवसांत पहिलं बोंड दिसायला लागतं. कोलोरॅडो स्टार हा जांभळा वाणही लवकर येणाऱ्यांतला.

ग्रीन ग्लोब सगळ्यांत सहज मिळतो, म्हणून पुष्कळजण तोच घेतात आणि मग मार्च संपेपर्यंत नुसती पानं बघत बसतात. त्याला थंडी जास्त लागते आणि बियांतून आलेल्या रोपांत फरकही फार पडतो. व्हायोलेट्टो, रोमानेस्को हे इटालियन वाण चवीला सुरेख, पण उशिरा येणारे. थंड देशात राहत असाल तरच त्यांच्या वाटेला जा.

वेळापत्रक कसं आखायचं?

उलटं मोजत या. मार्चअखेर ऊन तापतं, तेव्हा काढणी त्याआधी आटोपली पाहिजे. म्हणजे बोंडं फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत यायला हवीत. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत झाड चांगलं आठ-दहा पानांचं, अंगाने भरलेलं हवं. रोपटं अगदी लहान असेल तर थंडीचा त्याला पुरेसा उपयोग होत नाही. म्हणून लागण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. रोप तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा पेरणी ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. आणि बी फ्रीजमध्ये जाणार ते जुलैच्या मध्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत.

दिवाळीत बी आणून पेरलं तर गणित हुकलं म्हणून समजा.

बी फ्रीजमध्ये कसं ठेवायचं?

बी साध्या पाण्यात २४ तास भिजवा. तरंगणारं टाकून द्या. ओलसर कोकोपीट मुठीत घट्ट दाबून पाहा: एखाद-दुसरा थेंब पडला तर ठीक, धार लागली तर ओल जास्त झाली. अशा कोकोपीटमध्ये बी मिसळून झिप असलेल्या पिशवीत भरा, थोडी हवा राहू द्या, वर तारीख लिहा आणि फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ४ ते ५ अंशांना तीन-चार आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नाही. दर आठवड्याला पिशवी उघडून हवा बदला आणि बुरशी धरलेलं बी काढून टाका. शेवटी शेवटी काही बियांना पांढरा मोड दिसेल. तो २-३ मिलिमीटर झाला की पेरायची वेळ झाली.

फ्रीजमधून काढलेलं बी उन्हाने तापलेल्या गच्चीवर पेरलं तर मेहनत वाया जाते. नशिबाने पुण्या-नाशिकचा ऑगस्ट ढगाळ आणि गार असतो. रोपांची जागा ३० अंशांच्या खाली राहील, एवढंच बघा.

पेरणी आणि रोपांची काळजी?

साध्या भाजीच्या ट्रेचे कप्पे लहान पडतात, कारण याचं मूळ सरळ खोल जातं. १० सेंटिमीटर खोलीची रोपांची पिशवी किंवा कागदी पेला घ्या. अर्धं कोकोपीट, अर्धं गांडूळखत. बी १ ते दीड सेंटिमीटर खोल. उगवण १० ते १४ दिवसांत, रेंगाळलेली तीन आठवड्यांपर्यंत.

हवी त्याच्या दीडपट रोपं तयार करा. बियांतून आलेल्या रोपांपैकी काही पोपटी, बुटकी किंवा फार काटेरी निघतात; ती तिथेच बाद करायची. पावसाचा मारा रोपांवर नको, हवा मात्र खेळती हवी. बंद खोलीत वाढवलेली रोपं बुंध्याशी कुजून आडवी पडतात. चार-पाच खरी पानं आणि १५ सेंटिमीटर उंची झाली की रोप लावायला तयार.

जमीन आणि खड्डा कसा असावा?

खोल, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी जमीन. सामू (पीएच) ६.५ ते ७.५. आपल्या बऱ्याचशा जमिनींत तो याच्या आसपास किंवा थोडा वर असतो, त्याची चिंता नको. जरा खारट पाणीही हे झाड सहन करतं. पाणी साचलेलं मात्र नाही. काळ्या चिकणमातीत सपाट जमिनीवर लावू नका. ३० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा.

खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि तेवढाच खोल. त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत दोन घमेली (८-१० किलो), निंबोळी पेंड २०० ग्रॅम, हाडांचा चुरा किंवा सिंगल सुपर फॉस्फेट १०० ग्रॅम. अर्धवट कुजलेलं शेणखत वापरलंत तर त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते आणि डिसेंबरात भरात आलेलं झाड एका बाजूने सुकायला लागतं. शेणखत हातात घेऊन पाहा: शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही.

दोन झाडांत एक मीटर अंतर ठेवा. लागणीच्या दिवशी हे अंतर वेडेपणाचं वाटतं, जानेवारीत कमी वाटतं. ऑक्टोबरच्या उन्हात पहिले दहा-बारा दिवस शेडनेट किंवा नारळाच्या झावळीची सावली करा, मग दिवसाचं निदान सहा तास ऊन मिळू द्या. रोप पिशवीत होतं तेवढंच खोल लावायचं. मधला कोंब मातीत गाडला गेला तर तो कुजतो.

गच्चीवर कुंडीत होईल का?

होईल. कुंडी किंवा ड्रम निदान ६० लिटरचा आणि ४५ सेंटिमीटर खोल हवा, एका कुंडीत एकच झाड. तळाला चार-पाच भोकं, त्यांवर विटांचे तुकडे. दोन भाग बागेची माती, दोन भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट असं मिश्रण चालतं. निव्वळ कोकोपीटमध्ये झाड हलतं आणि वाऱ्याने कलंडतं. काळं प्लॅस्टिक उन्हात तापून मुळं भाजतं, त्यावर गोणपाट गुंडाळा. बोंडं जमिनीतल्यापेक्षा लहान आणि संख्येने कमी येतात. वीस लिटरच्या बादलीत मात्र प्रयोग करू नका.

पाणी किती आणि कसं?

वाफसा, म्हणजे चिखल न होता ओलसर राहिलेली माती, कायम राहिला पाहिजे. आज चिखल आणि चार दिवसांनी भेगा, हे या झाडाला सगळ्यांत जास्त त्रासाचं. मोठ्या झाडाला हिवाळ्यात दिवसाआड ४ ते ६ लिटर लागतं, फेब्रुवारीपासून रोज तेवढंच. ठिबक असेल तर प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, बुंध्यापासून वीतभर लांब. बुंध्यावर पाणी सोडू नका. उसाचं पाचट किंवा वाळला पाला चार बोटं जाड पसरा, पण बुंध्याभोवती ओंजळभर जागा मोकळी ठेवा.

पाणी मोजायचा भरवशाचा मार्ग बोट. मातीत दोन पेरं खोल घाला. टोकाला माती चिकटली तर आज पाणी नको. दुपारी पानं मलूल होऊन संध्याकाळी उभी राहिली तर ते उन्हाचं, सकाळीच मलूल दिसली तर तहानेचं किंवा मुळांच्या कुजीचं. माती ओली असूनही सकाळी मलूल? मग कूज. तिथे आणखी पाणी घालणं ही नेहमीची चूक.

खत?

हे झाड खादाड आहे, मुख्यतः नत्राचं. लागणीनंतर तीन आठवड्यांनी झाडामागे १० ग्रॅम युरिया (दोन सपाट चमचे) बुंध्यापासून वीतभर लांब गोलाकार टाकून मातीत मिसळा, आणि दर तीन-चार आठवड्यांनी तेवढाच पुन्हा. सेंद्रिय करायचं तर दर पंधरा दिवसांनी झाडाला एक लिटर पातळ शेणस्लरी आणि महिन्याला दोन ओंजळी गांडूळखत. दांडा दिसला की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ३ ग्रॅम, आठवड्याला एकदा, मुळाशी. पानं काळपट हिरवी आणि मऊ-लोंबती झाली तर नत्र जास्त झालं. मावा तिथेच आधी येतो.

जीए फवारायचं का? ते तर द्राक्षाला वापरतात.

तेच जिबरेलिक ॲसिड. नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना याची ओळख करून द्यायला नको. थंडी कमी पडणाऱ्या भागांत परदेशातही आर्टिचोकवर हे वापरतात. झाडाला थंडीऐवजी तो इशारा यातून मिळतो. मुंबईच्या हवामानात ते चमत्कार करणार नाही, पण पुण्यासारख्या काठावरच्या ठिकाणी दांडा निघणार की नाही, हे बऱ्याचदा यावरच ठरतं.

प्रमाण २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २० भाग. ९० टक्के शुद्धतेची १ ग्रॅम पूड ३० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून एक लिटर करा. हे मूळ द्रावण. त्यातलं २२ मिलिलिटर घेऊन एकूण एक लिटर केलं की साधारण २० पीपीएम होतं. पूड थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि प्रमाण कळत नाही. द्रावण त्याच दिवशी वापरा.

लागणीनंतर सहा आठवड्यांनी, आठ-दहा पानं झाल्यावर पहिली फवारणी, मग दोन-दोन आठवड्यांनी आणखी दोन. वेळ संध्याकाळची, मारा मधल्या कोंबावर. थोडं जास्त घातलं तर लवकर येईल असं वाटून कुणी दुप्पट करतं. मग पानं फिकट आणि लांबुळकी होतात, दांडा बारीक निघतो आणि बोंड टोकदार, वेडंवाकडं येतं.

झाड मोठं झालं, पण बोंडच नाही. काय चुकलं?

थंडी कमी पडली, ही पहिली शक्यता. दुसरी, लागण उशिरा झाली आणि थंडी आली तेव्हा झाड लहान होतं. तिसरी, झाड सावलीत आहे. चौथी, वाण ग्रीन ग्लोब आहे. जानेवारीच्या शेवटी मधली पानं हळूच बाजूला करून आत पाहा. बोटाने चाचपल्यावर गोटीएवढी टणक गाठ लागली तर बोंड वाटेवर आहे, धीर धरा. नुसती कोवळी पानं लागली तर या हंगामात आशा कमी.

पाकळ्यांचे शेंडे काळे, चामड्यासारखे झाले. रोग आहे का?

सहसा नाही. भरभर वाढणाऱ्या कोवळ्या पाकळ्यांच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं. ते पोचत नाही, कारण मधे पाण्याचा ताण पडलेला असतो किंवा उन्हाबरोबर कोरडा वारा सुटलेला असतो. टोमॅटोचं बूड काळं पडतं, त्यातलाच प्रकार. जमिनीत चुना कमी नसतो, म्हणून चुना घालून काही होत नाही; पाणी नियमित करा आणि वाऱ्याच्या बाजूला शेडनेटचा आडोसा लावा. असं बोंड खायला चालतं, शेंडे तसेही कापायचेच असतात. काळा डाग मऊ, ओला आणि त्यावर राखाडी बुरशी असेल तर मात्र तो रोग. ते बोंड देठासकट कापून बागेबाहेर टाका.

कीड-रोग कोणते?

मावा हाच मुख्य. करडईवर येणारा काळा मावा याच कुळातल्या झाडांवर जगतो, तेव्हा आसपास करडई असेल तर डोळ्यांत तेल घालून पाहा. तो पानाच्या मागे आणि पुढे बोंडाच्या पाकळ्यांत शिरतो. एकदा आत गेला की फवारा पोचत नाही, म्हणून दांडा निघायच्या आधीच बंदोबस्त हवा. पाण्याचा जोरदार फवारा, मग ५ टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने दोनदा. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की मावा आहेच. पानं चिकट लागणं ही पुढची खूण.

गोगलगायी लहान रोपं रात्रीत फस्त करतात. ओलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरा, सकाळी उलटून खालच्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. गोगलगायींच्या विषारी गोळ्या कुत्र्यामांजरांनाही घातक असतात, घरच्या बागेत नकोतच.

बोंडाला भोक आणि शेजारी विष्ठा दिसली तर अळी आत आहे. ते बोंड काढून चिरा आणि नष्ट करा. फेब्रुवारीत पानाच्या मागे पांढरी भुरी धरते. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर. ऊन ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारलं तर पानं करपतात.

काढणी नेमकी कधी?

इथे दोन दिवसांनी फरक पडतो. मधलं, सगळ्यांत वरचं बोंड पहिलं तयार होतं. ते ८ ते १० सेंटिमीटर झालं, पाकळ्या घट्ट मिटलेल्या आहेत, दाबल्यावर कचकच आवाज येतो: कापा. खालच्या ओळीतल्या पाकळ्या किंचित सुटायला लागल्या तरी उशीर झालेला नाही, आजच कापा. टोकाकडून जांभळं दिसायला लागलं की ते फूलदाणीचं झालं. आतला झुबका वाढलेला आणि पाकळ्या चिवट असतात. जांभळ्या वाणात रंगावर जाऊ नका, घट्टपणा पाहा.

बोंड अजून मोठं होईल म्हणून थांबणं हे सर्वांत जास्त नुकसान करतं, विशेषतः आपल्याकडे, जिथे मार्चमधली एक गरम दुपार घट्ट बोंड उघडायला पुरते.

देठ ५ ते ८ सेंटिमीटर ठेवून धारदार चाकूने सकाळी कापा. देठाचा मधला भागही खाता येतो. मग बाजूच्या फांद्यांवर लहान बोंडं येतात. ती ४-५ सेंटिमीटरची असतानाच काढली तर आत झुबका तयारच झालेला नसतो, अख्खी शिजतात. ही छोटी बोंडं दुय्यम समजू नका. न्यूयॉर्कमध्ये १९३५ साली त्यांच्या व्यापारावर गुंडांचा ताबा इतका बसला होता की महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी काही दिवस विक्रीच बंद ठेवली.

एका झाडाला पहिल्या हंगामात चांगल्या थंड ठिकाणी सहा-आठ बोंडं मिळतात. पुण्यासारख्या ठिकाणी तीन-चार आली तरी समाधान माना. धुऊन नव्हे, कोरडीच, भोकं पाडलेल्या पिशवीत भरून फ्रीजमध्ये ठेवली तर आठवडाभर टिकतात.

हंगाम संपल्यावर झाड ठेवायचं की काढायचं?

जमिनीतलं काढा. मे महिन्याच्या उन्हातून सावली करून ते वाचवता येतं, पण जुलैच्या संततधारेत बुंधा कुजतो. एखादं झाड विशेष चांगलं निघालं असेल तर त्याच्या बुंध्याशी फुटलेले मुनवे घ्या, केळीचे घेतो तसेच: वीतभर उंचीचा मुनवा, माती बाजूला सारून, थोडं मूळ आणि बुडाचा तुकडा राहील असा धारदार चाकूने कापायचा. पानं निम्मी छाटून मुनवा कुंडीत लावा आणि पावसाळाभर छपराखाली, पुरत्या उजेडात, बेताच्या ओलीत ठेवा. दहातले तीन-चार जगले तरी फायदा आहे, कारण मुनव्याचं झाड हुबेहूब आईसारखं येतं, बियांचं येत नाही.

आम्ही परदेशात आहोत. हेच वेळापत्रक पाळायचं?

नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत तुमचं काम सगळ्यांत सोपं: मुनवे किंवा रोपं लावा, दर वर्षी काढणीनंतर दांडे जमिनीलगत कापा, झाड वर्षानुवर्षं राहील.

इंग्लंडमध्ये बी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात पेरून रोपं मेमध्ये बाहेर. हिवाळ्यापूर्वी झाड फूटभर ठेवून छाटा आणि बुंध्यावर वीतभर जाड गवताचा पेंढा घाला. तिथे हिवाळ्यात झाड मरतं ते थंडीइतकंच ओल्या मातीने, म्हणून निचरा आधी बघा.

न्यू जर्सी, शिकागो अशा कडक थंडीच्या ठिकाणी जमीन गोठते आणि बुंधा मरतो. तिथे ते वार्षिक पीक: जानेवारीअखेर घरात पेरणी, आणि एप्रिलमध्ये रोपं दहा-बारा दिवस बाहेर ७ ते १० अंशांत ठेवायची, दहिवर पडणार असेल त्या रात्री आत. म्हणजे थंडीचा हिशेब पुरा होतो. मेलबर्नला लागण शरद ऋतूत, म्हणजे मार्च-एप्रिलला, आणि बोंडं सप्टेंबरपासून.

साफ कसं करायचं? खायचं कसं?

केळफूल साफ करता येत असेल तर हे सोपं आहे. बोंड मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उलटं बुडवा, मावा असेल तर सुटतो. वरचा एक तृतीयांश भाग सरळ कापून टाका, खालच्या दोन ओळी ओढून काढा, उरलेल्या पाकळ्यांचे शेंडे कात्रीने छाटा. कापलेला भाग बघता बघता काळा पडतो, तेव्हा लिंबू पिळलेलं पाणी शेजारी हवंच. चाकू आणि भांडं स्टीलचं घ्या. लोखंडाने किंवा ॲल्युमिनियमने रंग बिघडतो.

कुकरमध्ये जाळीवर ठेवून मध्यम बोंड ८-१० मिनिटं, किंवा मोदकपात्रात ३०-४० मिनिटं. मधली पाकळी ओढल्यावर अलगद सुटली की झालं. मग एकेक पाकळी लसणीच्या फोडणीच्या तुपात बुडवायची आणि शेवग्याची शेंग खातो तशी दातांनी ओरपायची, चोथा ताटात. शेवटी झुबका चमच्याने खरवडून पूर्ण काढा, तो घशात अडकतो. खाली राहतो तो गाभा.

खाल्ल्यावर पाणी गोड का लागतं?

आवळ्यासारखंच, पण कारण वेगळं: आर्टिचोकमधलं सिनारिन जिभेवर काही वेळ गोडीची जाणीव दाबून ठेवतं, आणि पाण्याच्या घोटाने ते धुतलं गेलं की जीभ ते पाणीच गोड समजते. बरोबर आवळ्याचं लोणचं असेल तर विचारूच नका.

कुणी जपून खावं?

गाजरगवताने अंगावर चट्टे उठणाऱ्यांनी. दोन्हींचं कूळ एक, त्यामुळे झाडाला हात लावला तरी खाज सुटू शकते, हातमोजे घाला. पित्तखड्यांचा किंवा पित्तनलिकेचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून मगच. आणि पहिल्यांदा खाताना एकच बोंड, कारण त्यातल्या इन्युलिन या न पचणाऱ्या तंतूने पोटात वायू धरतो.

एखादं बोंड फुलू दिलं तर?

जरूर. तळहाताएवढं, निळ्या-जांभळ्या रंगाचं फूल येतं आणि सकाळी मधमाश्या त्यात अक्षरशः लोळतात. याच जातीच्या कार्डून या भाऊबंदाच्या फुलातले तंतू पोर्तुगाल-स्पेनमध्ये दूध विरजून चीज करायला वापरतात, वासराच्या जठरातल्या रेनेट या विरजणाऐवजी. फूल वाळवायचं असेल तर रंग पुरता यायच्या आधी देठासकट कापून सावलीत उलटं टांगा. बी धरायला ठेवायचं तर फुलावर जुनी नायलॉनची जाळी बांधा, नाहीतर पिसं फुटून बी वाऱ्यावर जातं किंवा चिमण्या नेतात. मात्र एकच फूल ठेवा; दोन-तीन राहिली की बाजूची बोंडं गोटीएवढीच राहतात.